न जळणारं फडकं

मला थांब म्हणणारे लोक मी आयुष्यभर पाहिलेत. सभेत, ग्रामपंचायतीत, लग्नाच्या मांडवातसुद्धा. त्यांचं मी कधी ऐकलं नाही. पण त्या दिवाळीच्या सुमारास आमची पाखाडी चढताना माझ्या छातीनंच मला थांब म्हटलं, आणि तिचं मात्र ऐकावं लागलं.

पाखाडी म्हणजे जांभ्या चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट. खाली खाडीकडचा रस्ता, वर आमची वाडी. या पायऱ्या मी लहानपणापासून बोलत बोलत चढत आले आहे. त्या दिवशी अर्ध्यावर उभी राहिले आणि सँडलचा पट्टा सारखा केल्याचं नाटक केलं. पट्टा ठीक होता.

रत्नागिरीत एसटी स्टँडजवळच्या प्रेसमध्ये मी डीटीपीचं, म्हणजे मजकूर टाइप करून मांडायचं, काम करते. पोटासाठी लग्नपत्रिका, मनासाठी पत्रकं. पत्रकांवरच मी वाढले. आजोबा मुंबईहून यायचे ते ट्रंकेत पत्रकं घेऊन. आमच्या घरात पंचांग नव्हतं, पत्रकं होती. आप्पा, म्हणजे माझे वडील, बोटीवर इंजिनरूममध्ये होते. सुट्टीवर आले की संध्याकाळी ओटीवर बसून मला एकेक पत्रक मोठ्यानं वाचायला लावत. वाचून झालं की त्यांचा एकच प्रश्न असे.

"खाली नाव कुनाचं?"

नाव नसेल तर ते पत्रक चुलीत जायचं. "नाव नसलेलं पत्रक म्हंजे कुजबूज," आप्पा म्हणत. "बोलायचं तर नावानिशी बोलायचं, बाय."

माझ्या आजाराची पहिली खरी खूण मला याच पत्रकबाजीत दिसायला हवी होती. माझी वाक्यं लहान झाली. सभेत मी पूर्वी एका दमात लांबलचक बोलायचे. आता दोन-चार शब्दांवर थांबत होते. कार्यकर्ते खूश झाले. "हल्ली तू टाळ्यांचं बोलतेस," एकजण म्हणाला. मलाही बरं वाटलं. श्वास संपतो तिथे वाक्य तोडतेय, हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

बाकीच्या खुणाही अशाच, प्रत्येकीला काहीतरी सोयीचं उत्तर असलेल्या. कोरडा खोकला: प्रेसमधली शाई. उजव्या खांद्याच्या पात्याखाली मुका ठणका: दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणं. डाव्या कुशीवर झोपलं की कोंडल्यासारखं व्हायचं, उजव्या कुशीवर बरं वाटायचं: गॅस. कुर्ते सैल झाले, तेव्हा तर बायकांनी कौतुकच केलं. शेजारच्या सुलाकाकीनं दृष्ट काढायची तयारी दाखवली. मी तिला अंधश्रद्धेवरचं पत्रक दिलं. तिनं ते डब्याखाली घातलं आणि म्हणाली, "बाय, तुजी पत्रकं लय कामाची. डबा हालत नाय."

त्या साऱ्या खुणा एकाच माणसाच्या अंगात, एकाच बाजूला, हळूहळू वाढत होत्या. त्या एका ओळीत मांडून पाहिल्या असत्या तर मी लवकर डॉक्टरकडे गेले असते. हे लिहिण्याचं पहिलं कारण तेवढंच आहे.

छातीत पाणी

रत्नागिरीतल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. उजवी बाजू खालून पांढरी होती. छातीत पाणी. त्यांनी पाठीतून सुई घालून ते काढलं. पाणी गेलं तसा श्वास आला, आणि मला वाटलं, झालं, सुटले.

"आपल्याकडे छातीत पाणी म्हटलं की आधी टीबी धरायचा," डॉक्टर म्हणाले. तपासणीत टीबीचे जंतू मिळाले नव्हते, तरी गोळ्या सुरू झाल्या. मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी आजवर जे पाहिलं होतं त्यावरून ते बोलले. पण मी काय काम करते, वडील काय करत होते, घरात काय होतं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आईनं माझा पेला वेगळ्या फळीवर ठेवला. गोळ्यांनी लघवी केशरी व्हायला लागली. मी त्या पेल्याकडे बघून रोज एक भाषण मनात करत होते आणि ते पूर्ण व्हायच्या आत दम लागत होता.

पाणी परत भरलं. पुन्हा काढलं. पुन्हा भरलं.

मग मला शत्रू हवा होता, आणि तो मिळालाही. आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला खडीचा क्रशर आहे. आंब्याच्या पानांवर त्याची धूळ बसते. मी तडकाफडकी पत्रक लिहिलं: 'आमच्या श्वासाचा जाब द्या'. मोर्चाचा दिवस ठरवायला चळवळीतली मुलं घरी आली, तेव्हा आई मधे उभी राहिली.

"आदी बसून भाकरी खायला शिक. मग मोर्चा काड."

मुलं हसली. मीही हसले आणि त्या हसण्यानं असा खोकला लागला की बैठक तिथेच मोडली. क्रशरची धूळ वाईटच आहे, त्याविरुद्ध मी आजही बोलेन. पण माझ्या छातीत जे होतं, ते क्रशरनं घातलं नव्हतं.

डॉक्टरांचा प्रश्न

शेवटी रत्नागिरीच्या डॉक्टरांनीच मुंबईला पाठवलं. तिथं छातीत छोटी दुर्बीण घालून फुफ्फुसाच्या आवरणाचा तुकडा काढला. अहवालाला वेळ लागला. त्या दिवसांत मी आणि आप्पा भायखळ्याला मावशीच्या खोलीत राहिलो. आप्पा रोज सकाळी माझ्या आधी उठून चहा करत आणि काहीच विचारत नसत. बोटीवरच्या माणसाला वाट बघायची सवय असते.

निकालाच्या दिवशी डॉक्टरबाईंनी मला आत बोलावलं. आप्पा बाहेर बाकावर, मांडीवर डब्याची पिशवी. बाईंनी आजाराचं नाव सांगितलं: मेसोथेलिओमा. फुफ्फुसाला जे पातळ अस्तर असतं त्याचा कॅन्सर. मी ते नाव मनात दोनदा जुळवलं, टाइप करायचं असल्यासारखं.

"बरा होतो?"

"खोटं सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "मुळापासून जाईल असं वचन देता येत नाही. आटोक्यात ठेवायचे उपाय आहेत. तुमचं वय कमी आहे, ते आपल्या बाजूनं." मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो आजवर कुणी विचारला नव्हता. "तुमच्या घरी कुणी गोदीत, बॉयलरवर, सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात?"

"वडील बोटीवर होते. इंजिनरूमला."

"कामाचे कपडे घरी यायचे? धुवायला?"

"कपडे नाही," मी म्हटलं. "फडकं यायचं."

त्यांचं लिहिणं थांबलं. मी सांगत गेले आणि सांगता सांगता मला ऐकू येत गेलं की मी काय सांगतेय.

इंजिनरूममधल्या तापलेल्या पाइपांवर गुंडाळायचं एक जाड, पांढुरकं कापड असतं. जुनं निघालं की फेकून देत. आप्पांनी त्यातलं एक मोठं फडकं घरी आणलं, कारण ते जळत नसे. आमच्याकडे काजू अंगणात भाजतात. फुटक्या पत्र्यावर बिया टाकल्या की टरफलातलं तेल पेटतं, जाळ उसळतो, हात पोळतात, फोड येतात. आप्पांचं फडकं त्या जाळावर टाकलं की जाळ बसायचा आणि फडक्याला काही होत नसे. वाडीला ते जादूचं वाटलं. काजूच्या हंगामात ते घरोघर फिरायचं. "शांतारामाचं फडकं कुनाकडं हाय?" ही हाक मी लहानपणी रोज ऐकलेली. आणि ते परत आलं की त्यावरची काजळी झटकायचं काम माझं. पायरीवर उभी राहून मी ते दोन्ही हातांनी फडफडवायचे. उन्हात बारीक चकचकीत धागे उडायचे. मला ते आवडायचं. खांद्यावर घेऊन मी राणी व्हायचे.

"ते अॅस्बेस्टॉस होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्याचे तंतू श्वासातून आत जातात आणि तिथेच राहतात. आजार वीस, तीस, चाळीस वर्षांनीसुद्धा वर येतो." मग त्यांनी विचारलं, "ते फडकं आता कुठंय?"

"खुंटीवर," मी म्हटलं. "पडवीत."

ते झटकायचं नाही, झाडायचं नाही, नाकातोंडाला मास्क लावून आधी ओलं करायचं, जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बंद करायचं, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. घरातल्या सगळ्यांना तपासून घ्या असंही सांगितलं. "आणि घाबरवू नका कुणाला. जवळपास असलेल्या बहुतेकांना हा आजार होत नाही. पण माहीत हवं."

बाहेर आले. आप्पा उठले.

"काय म्हनाल्या?"

"कॅन्सर आहे, आप्पा. फुफ्फुसाच्या अस्तराचा. औषध आहे."

त्यांनी डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "कशानं झाला म्हनाल्या?"

मी म्हटलं, "कळत नाही म्हणाल्या."

रिकामी खुंटी

केमोथेरपीच्या आधी काही दिवस घरी आलो. काजूचा हंगाम सुरू झाला होता. वाडीत तो तिखट, डोळ्यांना झोंबणारा धूर पसरला होता. मी आधी पडवीत गेले. खुंटी रिकामी.

"फडकं कुठंय?"

"सुलानं नेलान," आई म्हणाली. "तिची सून भाजतंय आज."

आमच्या ओटीवरून सुलाकाकीचं अंगण दिसतं. तिची सून पायरीवर उभी होती, माझ्यासारखीच, दोन्ही हात लांब करून फडकं झटकत. बाजूला तिची मुलगी टाळ्या वाजवत होती.

मी धावले. धावण्याइतका दम नव्हता, तरी धावले. तिच्या अंगणात पोचून मी फक्त हात वर करू शकले. शब्द निघेना. बायका घाबरल्या. सुलाकाकीनं पाणी आणलं. "काय गो, काय झाला? शांतारामाला हाक मारू?"

"नको," मी कसंबसं म्हटलं. "फडकं... दे."

"ह्येच्यासाटी?" काकी म्हणाली. "घे बाय. सोन्याचं असल्यासारखी धावलीस."

घरी आईनं मला खाली बसवलं. ती शाळेत चौथीपर्यंत गेलेली, पण तिला गोल गोल बोलून फसवता येत नाही. "त्या फडक्यात काय हाय ता सांग."

मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, तोंडाला पदर बांधला, वर माझा मास्क चढवला आणि मला मागीलदारी येऊ दिलं नाही. फडकं तिनं भिजवून चिंब केलं, खताच्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, ती दुसऱ्या पिशवीत घातली, काथ्यानं तोंड बांधलं. मग हात धुऊन माझ्यासमोर बसली.

"मी पन झटकलंय ता. तुज्यापेक्षा जास्त."

"तुझा एक्स-रे काढायचा आहे."

"काडू." ती पदराला हात पुसत राहिली. "पन ह्यांना सांगू नको. ह्ये सगळ्यांना सांगत फिरतात, मी बोटीवरून आनलं म्हनून. ऐकलानी तर जगनार नाय तो मानूस."

हे गुपित म्हणजे आमच्या घरातलं, चुलीत न गेलेलं पहिलं बिननावाचं पत्रक होतं. आई त्यानंतर आप्पांशी फार कमी बोलू लागली. पेज वाढायची, ताट पुढे सारायची, उठायची. आप्पा तिच्याकडे बघत आणि काही म्हणत नसत. आई त्यांच्यावर रागावली आहे की त्यांना सांभाळतेय, ते मला कळत नव्हतं. बहुधा दोन्ही.

मालनताई

केमोच्या वॉर्डात सकाळ लवकर होते. आधी रक्त, मग रक्ताच्या अहवालाची वाट, मग सलाईन, मग औषधाची बाटली, मग आणखी सलाईन. शेजारच्या खुर्चीत साताऱ्याकडच्या मालनताई असायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुझा कुठला?" मी नाव सांगितलं. त्यांनी तोंडाचा चंबू केला.

"अगं बाई! आमचा आपला साधा, छातीचा, मराठी शाळेतला. तुझा तर इंग्लिश मीडियमचा दिसतोय."

त्या दिवशी मी बऱ्याच दिवसांनी दम लागेपर्यंत हसले आणि दम लागला याचं वाईट वाटलं नाही.

औषधानंतरचे दिवस मात्र सांगण्यासारखे नव्हते, म्हणून सांगते. तोंडाला लोखंड चघळल्यासारखी चव. पाण्याचाही वास यायचा. पाय दुसऱ्याचे वाटायचे. मी माणसांवर खेकसायचे. एकदा आईनं आणलेली पेज मी भिंतीवर फेकली, आणि तिनं ती पुसून दुसरी आणली. उकड्या तांदळाची, आमसुलाच्या सारासोबत. तेवढंच पोटात राहायचं. भीतीचं म्हणाल तर ती मरणाची कमी होती. आपण कुणालाही खरं न सांगता मरू, याची जास्त होती. मी जन्मभर दुसऱ्यांना ठणकावलं होतं की लपवाछपवी करणारा शोषण करणाऱ्याच्या बाजूला उभा असतो. आणि वाडीत निदान चार-पाच घरं बोटीवाल्यांची आहेत. त्यांच्या माळ्यावर काय काय पडलंय, कुणास ठाऊक.

खाली नाव

उपचार मधे थांबले तेव्हा तपासणीत वाढ थांबलेली दिसली. आईचा एक्स-रे स्वच्छ आला. "आता तुमचाही काढू," असं मी आप्पांना म्हटलं तर, "माला काय धाड भरलीय," म्हणून त्यांनी विषय संपवला. कारण सांगितल्याशिवाय मला जोर करता येईना. मी प्रेसवर जाऊन पत्रक केलं. एका बाजूलाच छातीत किंवा पाठीत दुखणं, हळूहळू वाढणारा दम, कोरडा खोकला, वजन उतरणं, पुन्हा पुन्हा भरणारं पाणी. आणि घरात कुणी बोटीवर, बॉयलरवर, पत्र्यांच्या कारखान्यात असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आपणहून सांगा. जुन्या बोटींवरची कापडं, दोऱ्या घरात असतील तर झटकू नका.

खाली नाव लिहायची वेळ आली. माझं नाव प्रज्ञा शांताराम जाधव. ते लिहिलं की मधे आप्पा आलेच. मी लिहिलं: 'एक रुग्ण'.

गठ्ठा घरी आणून फळीवर ठेवला. संध्याकाळी बाहेर आले तर आप्पा ओटीवर, चष्मा लावून, एक पत्रक हातात. ते सगळं वाचून होईपर्यंत मी दारात उभी राहिले.

"ह्येच्याखाली नाव नाय."

त्यांनी 'एक रुग्ण'वर बोट ठेवलं.

"मी तुला हेच शिकवलंय?"

"आप्पा, ते—"

"फडकं परत आनलंस तरी खुंटी रिकामीच राहिली, तवाच माला कळलं." ते पत्रकाकडेच बघत होते. "तुजी आई माज्याशी बोलायची बंद झाली, तवा खात्री झाली. काय बोलायचं ता समजंना, म्हनून बोललो नाय. बोटीवर आमी ता साहित्य हातांनी फाडायचो. खोलीत धुकं व्हायचं. चिफ इंजिनेर सांगायचा, काय होत नाय, दूध प्या."

आई आतून दारात आली होती.

"तुमचा काय दोष, आप्पा?" माझा आवाज चढला. "त्या कापडावर काही लिहिलं होतं? कशाचं आहे, अंगाला काय करतं? ज्यांनी विकलं त्यांनी सांगायला हवं होतं, ज्यांनी तुमच्या हातात दिलं त्यांनी सांगायला हवं होतं. ती कुजबूजसुद्धा नव्हती. तो मुकेपणा होता!"

"ता पन लिही," आप्पा म्हणाले. "पन आदी माजं लिही. फडकं आनलं कुनी?"

"आप्पा, मी तुमच्यावर दोष—"

"दोष नाय लिवायचा. नाव लिवायचं. पूर्न."

आई म्हणाली, "लिही गो." त्या दिवसांत ती पहिल्यांदाच त्यांच्या शेजारी बसली.

मी नवं पत्रक केलं. त्यात एक ओळ जास्त होती: 'काजू भाजायला वाडीत फिरणारं फडकं मी बोटीवरून आणलं होतं. ते काय आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.' खाली: शांताराम गोविंद जाधव. त्याखाली माझं नाव, मधे तेच नाव.

रविवारी विहारात वाडी जमली. वाचायला मी उभी राहणार होते, पण आप्पांनी पत्रक माझ्या हातातून घेतलं. सुलाकाकी पुढेच बसली होती, नात मांडीवर. आप्पा वाचू लागले, आणि मी ऐकू लागले.

"काजू भाजायला... वाडीत फिरणारं... फडकं मी... बोटीवरून..."

लोकांना वाटलं, त्यांचा कंठ दाटलाय. काकीनं डोळ्याला पदर लावला. मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग मला कळलं, ते कुठे थांबताहेत. शब्द संपतो तिथे नाही, अर्थ संपतो तिथेही नाही. मी सभेत थांबायचे तिथे.

वाचून झालं. टाळ्या नाहीत, कुजबूज नाही. मागून एका बोटीवाल्याची म्हातारी म्हणाली, "आमच्या माळ्यावर दोरी हाय तसली," आणि एकदम सगळे बोलू लागले. काय ओलं करायचं, कुणाला दाखवायचं, कुणाकडे काय आहे. मी त्या गर्दीतून आप्पांपर्यंत पोचले. ते भिंतीला टेकून उभे होते, पत्रकाची घडी करत.

"आप्पा, कुठच्या बाजूला दुखतं?"

"कुटं काय दुखतंय? पत्रकं वाटायचीत अजून. ती दे हिकडं—"

"काय लिहिलंय त्यात? डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आपणहून सांगा. खाली नाव कुणाचं आहे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. घडी केलेलं पत्रक खिशात ठेवलं आणि तोच हात हळूच छातीवर नेला.

"डावीकडं," ते म्हणाले.

पत्रकांचा गठ्ठा मी सुलाकाकीच्या हातात दिला. आम्ही दोघं पाखाडी उतरू लागलो, रत्नागिरीकडे जाणारी एसटी खाली येते तिकडे. अर्ध्यावर आप्पा थांबले. मीही थांबले. कुणी सँडलचा पट्टा सारखा केला नाही.